फोर्डसनची दुबळी ठिणगी

मागच्या व्याख्यानात आपण 1917 पर्यंत आलो होतो. जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे येणारी धान्याची जहाजं बुडवत होत्या, शेतावरची माणसं आणि घोडे युद्धावर गेले होते. तेव्हा ब्रिटिश सरकारने हेन्री फोर्डकडे हजारो ट्रॅक्टर मागितले. तोच हा फोर्डसन. 1922 मध्ये अमेरिकेत त्याची किंमत 395 डॉलरवर आली. स्वस्त, हलका, पण थंडीच्या सकाळी सुरू होईल तर शपथ!

गोम त्याच्या ठिणगीत होती. गाडीला बॅटरी नाही. फ्लायव्हीलवरच लोहचुंबक बसवलेले, त्यांच्यासमोर तारेची वेटोळी. चाक फिरलं की वीज तयार होते, ती पेटीतल्या चार कॉइलना जाते, कॉइलवरची पत्ती थरथरत गुणगुणते आणि प्लगवर ठिणगी पडते. पण विजेचा जोर चाकाच्या वेगावर. हँडल मारताना वेग कमी, गारठलेल्या तेलात आणखी कमी. म्हणजे ठिणगीची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ती सर्वांत दुबळी! त्यात वर्षानुवर्षांनी चुंबकही उतरतात.

म्हणून जुने फोर्डसन दुरुस्त करताना आधी कान लावायचा. एकच कॉइल गप्प असेल तर ती शेजारच्या कॉइलशी बदलून बघावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर तिचे पॉइंट जळालेत. जागच्या जागी राहिला तर तार किंवा टायमर तपासावा. चारही गप्प? मग मॅग्नेटोची वीज बाहेर आणणारा संपर्क बघावा, तिथे तेलाचा गाळ आणि धातूचा कीस साचतो. तोही स्वच्छ असेल तर कॉइलना सहा व्होल्टची बॅटरी जोडून पाहावी. आता गुणगुणल्या, तर चुंबकच थकलेत. मात्र त्याआधी मॅग्नेटोची तार सोडवायलाच हवी. बॅटरीचा प्रवाह उलटा वेटोळ्यांत शिरला तर उरलेसुरले चुंबकत्वही जायचं. घाईत नेमकं हेच विसरतं, आणि मग चुंबक पुन्हा भारून घेण्यावाचून इलाज नाही.

1929 मध्ये उत्पादन आयर्लंडमधल्या कॉर्कला गेलं, तेव्हा ही सगळी रचना काढून बाजूला स्वतंत्र हाय टेन्शन मॅग्नेटो बसवली गेली. अशा मॅग्नेटोंना पुढे एक स्प्रिंगची जोडणी मिळाली. हँडल कितीही सावकाश फिरवा, स्प्रिंग ताणली जाते आणि सुटताना मॅग्नेटोला झटका देते. ‘टक्’ असा तो आवाज ऐकू आला नाही, तर त्या काळच्या ट्रॅक्टरवर प्लग काढण्याआधी ती स्प्रिंगच बघावी.