फतेह मैदान आणि घसारा



बशीरबागेतलं लालबहादूर स्टेडियम पाडून नवं बांधावं की आहे तेच दुरुस्त करावं, हा विषय आमच्या हैदराबादेत अधूनमधून निघतोच. परवा सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या कंपूत तो पुन्हा निघाला. एकजण म्हणाला, "जुनं झालं, पाडा." दुसरा उसळला, "हौ, पाडो! फिर हमारी यादां किधर रखना मियाँ?" मी बँकेत उभा जन्म काढलेला माणूस, आकडे हातात असल्याशिवाय बोलत नाही. गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र चैन पडेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या पिढीला ते अजूनही फतेह मैदानच. औरंगजेबाने 1687 मध्ये गोवळकोंडा घेतला, तेव्हा मोगल फौजेने विजयाचा जल्लोष इथे केला, म्हणून हे नाव, असं सांगतात. निजामी अमदानीत इथे पोलो चाले. 1955 च्या नोव्हेंबरात हैदराबादचा पहिला कसोटी सामना इथेच झाला. न्यूझीलंडविरुद्ध पॉली उम्रीगरांनी 223 धावा काढल्या. कसोटीतलं भारतीयाचं ते पहिलं द्विशतक. 1967 मध्ये मैदानाला शास्त्रीजींचं नाव मिळालं. पुढे मोठं क्रिकेट उप्पलला गेलं. पण आमच्या घरातला खेळ क्रिकेट नव्हता, फुटबॉल होता.

त्याला कारणही होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. नांदेड-परभणीचे आमचे सगळे सोयरे एका रात्रीत दुसऱ्या राज्याचे झाले आणि आम्ही सुलतान बाजारातले मराठी लोक इथेच राहिलो. नेमके आपण कोण, हा प्रश्न तेव्हा घरोघरी होता. त्याच हंगामात संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात हैदराबादने त्रिवेंद्रमला मुंबईला 4-1 हरवलं. पुढच्या वर्षी स्पर्धा आमच्याच शहरात झाली आणि अंतिम फेरीत पुन्हा मुंबईच समोर. गिरगावचे मामा तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होते. ते अण्णांना म्हणाले, "भाऊजी, तुम्ही तर आपल्या मुंबईचीच बाजू घेणार!" अण्णा हसले आणि म्हणाले, "भाषेने तुमचा, पण चेंडू पडला की मी इथला." हैदराबाद 3-1 ने जिंकलं. मामा दोन दिवस फुगून होते. मी तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचा, पण अण्णांचं ते वाक्य जन्मभर पुरलं.

त्या यशामागे एक शाळामास्तर होते, सय्यद अब्दुल रहीम. आम्ही सगळे त्यांना रहीमसाब म्हणायचो. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. 1950 चा ड्युरंड कपही आणला. त्यांची शिकवणीही मास्तरासारखीच. चेंडू पायात घोळवायचा नाही अशा अटीच्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. पोरांचा जो पाय कच्चा, फक्त त्याच पायाने खेळायच्या स्पर्धाही भरवल्या. 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णपदकं, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक, हे सगळं त्यांच्या हाताखालचं. तुलसीदास बलराम, नूर महंमद, अझीझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन, युसूफ खान, पीटर थंगराज ही सारी आमच्या जुळ्या शहरांतली पोरं.

4 सप्टेंबर 1962 ला जकार्तात आपण दक्षिण कोरियाला 2-1 हरवलं, तेव्हा आमच्या गल्लीत साखर वाटली होती. रहीमसाबांना तेव्हाच कर्करोगाने गाठलं होतं. 11 जून 1963 ला ते गेले. अण्णा त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

मी कॉमर्सला गेलो तेव्हा कॉलेजच्या संघात राखीव लेफ्ट बॅक होतो. राखीव म्हणजे बहुतेक वेळा लिंबं आणि बूट सांभाळणारा! 1969 च्या तेलंगण आंदोलनात कॉलेजं महिनोन् महिने बंद होती. वर्ग नव्हते, पण मोकळ्या जागा दिसतील तिथे आम्ही खेळत होतो. नंतर बँकेत लागलो. गनफाउंड्रीच्या मुख्य कचेरीतून फतेह मैदान चालत जाण्याइतकं जवळ. लेजर टॅली झालं की लीगचे सामने बघायला पळायचं, हा वर्षानुवर्षांचा नेम. मग बढत्या, बदल्या, नांदेड, औरंगाबाद. परत आलो तोवर मुलगा एम्सेटच्या क्लासला लागला होता. त्याला मी एकदाही फुटबॉलच्या सामन्याला नेलं नाही. आमच्यातल्या बहुतेक घरांत असंच झालं. आधी शिक्षण, मग खेळ, आणि तो 'मग' काही आलाच नाही.

हे मला कळलं ते सात समुद्रांपार. मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याने आम्हाला बर्कले विद्यापीठाचं स्टेडियम दाखवायला नेलं. 1923 चं बांधकाम, तेही भूकंपाच्या भेगेच्या बरोबर डोक्यावर! खेळ त्यांचा तो अमेरिकन फुटबॉल, मला त्यातलं काही कळत नाही. पण त्यांनी बाहेरची जुनी भिंत राखून आतल्या बैठका नव्याने बांधल्या आणि 2012 मध्ये मैदान पुन्हा उघडलं. त्यापायी विद्यापीठ मोठ्या कर्जातही गेलं, तेही खरं. मी भिंत बघत होतो, तर मुलगा सहज म्हणाला, "बाबा, तुम्ही मला तुमचं फतेह मैदान कधी दाखवलंच नाहीत." माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आता माझं मत. हिशेबाचा पहिला धडा असा की घसारा इमारतीवर लागतो, जमिनीवर नाही. स्टँड, छप्पर, पायऱ्या यांचं आयुष्य कधीतरी संपणारच. त्या धोक्याच्या झाल्या तर पाडाव्यात, उगाच गहिवरून पोरांच्या डोक्यावर टांगत्या ठेवू नयेत. पण मधली हिरवी जमीन आणि तिच्यावर रोज खेळण्याचा हक्क, हे भांडवल आहे. नव्या आराखड्यात दुकानं किती, गाड्या किती, हे विचारण्याआधी संध्याकाळी किती पोरं खेळतील, हे विचारायला हवं.

नुसत्या नव्या स्टेडियमने खेळ परत येत नाही, हेही आपण पाहिलं. गच्चीबावलीचं स्टेडियम 2002 च्या राष्ट्रीय आणि 2003 च्या आफ्रो-आशियाई खेळांच्या वेळचं. ऐसपैस आहे. हैदराबाद एफसीने तेच घर मानलं. संघाने मार्च 2022 मध्ये आयएसएलचं विजेतेपदही मिळवलं, पण कोरोनामुळे सारा हंगाम गोव्यात झाला. आणि 2025 मध्ये तो संघ दिल्लीला निघून गेला. स्टेडियम जागेवर, संघ गायब! रहीमसाबांच्या काळी उलट होतं. बैठका साध्या, पण गल्लोगल्ली चेंडू होता.

मागल्या हिवाळ्यात नातू आला होता. एका सकाळी त्याला घेऊन फतेह मैदानाकडे गेलो. काही पोरं सराव करत होती, बरीचशी चपला बाजूला काढून अनवाणीच. नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठे खेळायचात?" मी हात दाखवला, "तिथे, राखीव बाकावर." तो खो खो हसला. चेंडू आमच्याकडे घरंगळत आला, मी उजव्या पायाने मारला आणि तो भलतीकडेच गेला. एका पोराने ओरडून सांगितलं, "चच्चा, दूसरे पाँव से!"

जुन्या हैदराबादी मराठी घरांत त्या सामन्यांची तिकिटं, फोटो, कॉलेजच्या संघांचे गट-फोटो नक्की पडून असतील. माळ्यावरच्या ट्रंका उघडा आणि जे सापडेल ते इथे टाका. मैदानाचं काहीही ठरो, कोण कोण तिथे खेळलं आणि कोण कोण बघायला गेलं, याची नोंद तरी आपल्या हातात आहे. आणि हो, नातवंडांना घेऊन एकदा जाऊन या. मी फार उशिरा गेलो.