घोंगडी

घोंगडी हे मेंढीच्या लोकरीपासून हातमागावर विणलेले जाडसर पांघरूण होय. महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक आणि तेलंगणाच्या पठारी प्रदेशांत, विशेषतः धनगर समाजात, ते परंपरेने वापरले जाते. घोंगडी अंथरली, पांघरली आणि अंगावर वागवलीही जाते. थंडी, वारा व पावसाची सर यांपासून संरक्षण करीत असतानाच ती घामाची वाफ बाहेर जाऊ देते. त्यामुळे दिवसभर चालणाऱ्या मेंढपाळाचे ते मुख्य वस्त्र ठरले.

नाव

मराठीत घोंगडी, घोंगडे, कांबळे व कांबळ ही नावे रूढ आहेत. ‘कांबळे’ हा शब्द संस्कृत ‘कंबल’ या शब्दापासून आला आहे. कन्नडमध्ये या वस्त्राला कंबळी, तर तेलुगूत गोंगडी म्हणतात. दीर्घकाळ निर्णयाविना पडून राहिलेल्या प्रकरणास मराठीत ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. पूर्ण भिजलेली घोंगडी अतिशय जड होते व लवकर वाळत नाही, या अनुभवातून हा वाक्प्रचार रूढ झाला.

प्रदेश

सातारा जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पावसाचे प्रमाण झपाट्याने घटते. महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात, नीरा नदीकाठी, खंडाळा तालुक्यातील शिरवळ हे गाव वसले आहे. तेथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयामुळे शिरवळ हे पशुवैद्यकीय शिक्षणाचे केंद्र झाले आहे. पूर्वेकडील फलटण, माण, खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे अवर्षणप्रवण तालुके मेंढपाळीचे आहेत. पावसाळा संपल्यावर येथील अनेक कळप चाऱ्याच्या शोधात दूरवर जातात आणि हिवाळ्याच्या रात्री उघड्या माळावरील वाड्यांवर काढतात. मेंढपाळांच्या तळाला ‘वाडा’ म्हणतात.

लोकर व निर्मिती

घोंगडीसाठी मुख्यतः दख्खनी मेंढीची लोकर वापरतात. ही लोकर भरड, केसाळ आणि बहुधा काळी किंवा करडी असते. एका मेंढीपासून वर्षाला साधारण अर्धा किलो लोकर मिळते. कातरणी सामान्यतः वर्षातून दोनदा होते. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर ‘जावळ’ म्हणून ओळखली जाते आणि तिची घोंगडी अधिक किमतीची असते.

कातरलेली लोकर निवडून पिंजतात व चरख्यावर सूत कातले जाते. सूतकताई परंपरेने स्त्रियांकडे असते. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन ते उन्हात वाळवतात. खळीमुळे सूत ताठ होते व विणताना तुटत नाही. त्यानंतर जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागावर विणकाम होते. सणगर हा घोंगडी विणणारा प्रमुख समाज असून धनगरांमधील काही शाखाही हे काम करतात.

गुणधर्म

विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण होते. चढण चढताना ती चार-पाच पट किंवा त्याहूनही अधिक होते. त्यामुळे चालणाऱ्याच्या वस्त्राने थांबल्यावर ऊब टिकवली पाहिजे आणि चालताना उष्णता व घाम यांना वाट दिली पाहिजे. हवा मुळीच न सोडणाऱ्या वस्त्रात घाम साचतो, आतील कपडे ओले होतात आणि थांबताच अंग गारठते.

लोकरीचा तंतू नागमोडी असल्याने सुतात हवेचे असंख्य कप्पे राहतात. हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे ऊब टिकते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही स्पर्शाला ओली लागत नाही आणि बाष्प शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. तंतूचा पृष्ठभाग पाणी सहज धरत नाही. घट्ट विणीमुळे वाऱ्याचा जोर मोडतो. भरड तंतू ताठ असल्याने ओलाव्यातही तो सहसा चपटा होत नाही. लोकर सहज पेट घेत नाही, ज्योत दूर होताच बहुधा विझते आणि कृत्रिम धाग्याप्रमाणे वितळून त्वचेला चिकटत नाही. वाड्यावरील चुलीजवळ हा गुण महत्त्वाचा ठरतो.

वापर

पावसात घोंगडीची खोळ करतात. तिचे टोक दुमडून टोपीसारखे डोक्यावर घेतात व उरलेला भाग पाठीवरून गुडघ्यांपर्यंत सोडतात. समोरची बाजू उघडी राहत असल्याने हात मोकळे राहतात आणि वारा खेळतो. ऊन वाढल्यावर तीच घोंगडी घडी करून खांद्यावर टाकली जाते. गिर्यारोहक घाम शोषणारा, ऊब देणारा आणि वारा अडवणारा असे तीन निरनिराळे थर चढवून किंवा उतरवून जे साधतात, ते मेंढपाळ एकच वस्त्र सैल करून, आवळून किंवा खांद्यावर टाकून साधतो. तुर्कस्तानातील मेंढपाळांचा ‘केपेनेक’ हा नमद्याचा झगा आणि आल्प्स पर्वतातील ‘लोडेन’ हे घट्ट लोकरी कापड ही याच गरजेतून निर्माण झालेली वस्त्रे आहेत.

निवड

अंगावर घेऊन चालण्यासाठी घोंगडी निवडताना पुढील बाबी पाहिल्या जातात :

• वीण : घोंगडी उजेडासमोर धरल्यास मोठी छिद्रे दिसू नयेत. तोंडाजवळ धरून फुंकल्यास हवा पार जावी, परंतु सहजासहजी जाऊ नये.
• पाणी : वर टाकलेले थेंब लगेच न जिरता काही काळ मण्यांसारखे राहावेत.
• लांबी : खोळ केल्यावर ती गुडघ्यांपर्यंत पोहोचावी, पण पायांत येऊ नये.
• वजन : जाड घोंगडी रात्रीच्या मुक्कामाला, तर हलकी घोंगडी चालण्यासाठी सोयीची असते.
• स्पर्श : भरड लोकर उघड्या अंगाला टोचते, म्हणून आत सुती कपडा घालतात. नाजूक त्वचेसाठी जावळाची घोंगडी बरी पडते.

मर्यादा

घोंगडी जलरोधक नाही. रिमझिम पाऊस किंवा थोड्या वेळाची सर ती झेलते, परंतु सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील संततधारेत ती भिजून जड होते. वारंवार धुतल्यास खळ निघून जाते व वीण सैल पडते. कसर लागू नये म्हणून ती अधूनमधून उन्हात घालावी लागते. घोंगडीमुळे साप जवळ येत नाहीत किंवा सांधेदुखीसारखे विकार बरे होतात, अशा समजुती प्रचलित आहेत. तथापि लोकरीच्या ज्ञात गुणधर्मांवरून ऊब आणि ओलाव्याचे नियमन एवढेच फायदे सिद्ध होतात.

सांस्कृतिक स्थान

बिरोबा व खंडोबा यांच्या उपासनेत आणि धनगर समाजाच्या विवाहविधींत घोंगडीला मान आहे. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडी येथील बिरोबाचे देवस्थान प्रसिद्ध आहे. धनगरी ओव्या व गजी नृत्य सादर करणाऱ्यांच्या खांद्यावरही घोंगडी दिसते.

सद्यस्थिती

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. लोकर असूनही घोंगडी दुर्मिळ होत चालली आहे. पानिपत येथील यंत्रावर बनलेली स्वस्त ब्लँकेटे, प्लॅस्टिकचे इरले आणि कृत्रिम धाग्यांची जाकिटे यांमुळे तिची मागणी घटली. भरड लोकरीला भाव नसल्याने कातरणीचा खर्चही अनेकदा सुटत नाही आणि लोकर फेकून दिली जाते. मेंढपाळांचे उत्पन्न आता मुख्यतः मांसावर अवलंबून आहे. त्यामुळे जत तालुक्यातील माडग्याळसारख्या, वजनाने भरणाऱ्या पण लोकर कमी देणाऱ्या मेंढ्यांना पसंती मिळते. परिणामी कातणारे व विणणारे हातही कमी होत आहेत. हे कौशल्य मुख्यतः घरातच शिकले जात असल्याने एक पिढी खंडित झाल्यास ते पुन्हा उभे करणे कठीण होते.

हे सुद्धा पहा

• दख्खनी मेंढी
• माडग्याळ मेंढी
• धनगर
• हातमाग