पिवळ्या लाईटीच्या आधी आणि नंतर

लासूर स्टेशनात मी डिझेलचं काम शिकलो ते महिंद्राच्या जीप आणि कमांडरवर. डॅशबोर्डवर कामाचे दिवे दोनच, ऑइलचा आणि चार्जिंगचा. बाकी सगळा कारभार ड्रायव्हरच्या तक्रारीवर आणि मिस्त्रीच्या कानावर.

गाडी मिसिंग मारतेय म्हटलं की इंजिन चालूच ठेवायचं. फडकं धरून एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरासा ढिला करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर ठीक. काहीच फरक पडला नाही तर दुखणं तिथंच. पंप मायकोचा, म्हणजे १९५१ साली निघालेल्या कंपनीचा. २००८ साली तिचं नाव बॉश झालं, पण आमची जुनी गिऱ्हाइकं अजून मायकोच म्हणतात.

मग कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या, गाड्या आल्या. २००७ साली डिझेल स्विफ्ट निघाली आणि पुढं सेकंडहँड होऊन कांद्याच्या पट्टीवर आमच्याकडंही पोचली. सोबत इंजिनातला बिघाड सांगणारी पिवळी लाईट आली. ही मूळची धुराच्या कायद्याची. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली, आपल्याकडं भारत स्टेज चारबरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्यानं. मिस्त्रीची सोय कुणाच्या डोक्यात होती असं मला काही वाटत नाही.

आता जुनी स्विफ्ट येते. चढाला पिकअप मरतं, लाईट लागलेली. स्कॅनर लावला की कोड निघतो पी ००८७, रेलचा दाब कमी. पोरं कोड उडवतात आणि गाडी सोडून देतात. चार दिवसांत ती परत दारात. दाब का कमी, हे स्कॅनर सांगत नाही. फिल्टर चोक असेल, डिझेलात पाणी असेल, इंजेक्टर रिटर्नला जास्त सोडत असेल.

जुनी नटाची युक्ती इथं चुकूनही करायची नाही. दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. डिझेल कातडीत घुसलं तर बोट कापायची पाळी येते. आधी फिल्टर बघायचा, पाणी काढायचं. मग चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या खोकल्याच्या औषधाच्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं. जी बाटली लवकर भरेल, तिचा इंजेक्टर काढायचा.

चारही सारख्या आणि कमी भरल्या, तर संशय पंपावर. तो धुळीत खोलण्याचं काम नव्हे; तेवढ्यासाठी मी संभाजीनगरलाच पाठवतो.