पहिलेपणाचा प्रश्न : तंजावर, सांगली आणि मराठी नाटकाचा आरंभ

१

दरवर्षी ५ नोव्हेंबर हा दिवस ‘मराठी रंगभूमी दिन’ म्हणून साजरा केला जातो. १८४३ साली या दिवशी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ हे आख्यान रंगभूमीवर आणले आणि तेथून मराठी नाटकाचा आरंभ झाला, ही धारणा शालेय पुस्तकांपासून सभासमारंभांतील भाषणांपर्यंत सर्वत्र रूढ आहे. तथापि या प्रयोगाच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर येथे, भोसले घराण्यातील एका राजाने मराठीत नाटक लिहिले होते. शहाजीराजांचे (कारकीर्द १६८४–१७१२) ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे ते नाटक होय. त्याचा काळ इ.स. १६९० च्या सुमारास मानला जातो.

ही माहिती आता अज्ञात राहिलेली नाही. वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत तिची नोंद असते. पण ती बहुधा तळटीपेसारखी येते. मुख्य कथन सांगलीपासून सुरू होते आणि तंजावरचा उल्लेख एखाद्या कौतुकाच्या वस्तूसारखा बाजूला ठेवला जातो. दुसरीकडे, तंजावरचा अभिमान बाळगणारे अभ्यासक ‘पहिले नाटक सांगलीचे नव्हे, तंजावरचे’ असे ठासून सांगतात. परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन भूमिका एका बाबतीत समान आहेत. मराठी नाटकाला एकच आरंभबिंदू असला पाहिजे, हे दोघींनीही गृहीत धरलेले आहे. प्रस्तुत निबंधाचा रोख या गृहीतकावर आहे.

२

तंजावरच्या मराठी नाटकांचा विचार केवळ मराठीच्या चौकटीत करता येत नाही. व्यंकोजीराजांनी इ.स. १६७५–७६ च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हा तेथे नायक राजांनी जोपासलेली समृद्ध तेलुगू दरबारी परंपरा अस्तित्वात होती. भोवतालच्या प्रजेची भाषा तमिळ, दरबारी काव्याची भाषा तेलुगू आणि शास्त्रचर्चेची भाषा संस्कृत, अशी ती व्यवस्था होती. विजयराघव नायकाच्या (कारकीर्द १६३४–१६७३) काळात ‘यक्षगान’ हा नाट्यप्रकार दरबारात बहरला होता. स्वतः विजयराघवाने यक्षगाने रचली. त्याच्या दरबारातील कवयित्री रंगाजम्मा हिचे ‘मन्नारुदासविलासम्’ हे याच प्रकारातील आहे. भोसले राजांनी ही परंपरा मोडून काढली नाही. तिच्यात त्यांनी आपली भाषा आणून बसवली.

शहाजीराजांची ग्रंथरचना या दृष्टीने बोलकी आहे. त्यांच्या नावावर तेलुगूतील ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ आहे, हिंदीतील ‘विश्वातीतविलास’ व ‘राधाबंसीधरविलास’ ही नाटके आहेत, आणि संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी व हिंदी या पाच भाषा एकाच रचनेत आणणारे ‘पंचभाषाविलास’ही आहे. बहुभाषिक नाटक हा विसाव्या शतकातील प्रयोगशीलतेचा शोध आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या शेवटच्या रचनेकडे अवश्य पाहावे. तेथे बहुभाषिकता हा धाडसी प्रयोग म्हणून येत नाही. ज्या नगरात पाच भाषा नित्य कानी पडत होत्या, त्या नगराचे ते सहज प्रतिबिंब आहे.

‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे या कुळातलेच अपत्य. त्याच्या नावातील ‘कल्याण’ या शब्दाचा ‘विवाह’ हा अर्थ मराठी वाचकाला थोडा थबकवतो. तमिळ व तेलुगू वाचकाला तो नित्याचा आहे. पात्रप्रवेशासाठी व भावदर्शनासाठी येणारी ‘दरु’ ही गीते यक्षगानाच्या परंपरेतील आहेत. भाषा मराठी, साचा आंध्र, रंगस्थळ तमिळ देशातले, अशी या नाट्याची घडण आहे. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८–१८३२) ‘देवेंद्रकोरवंजी’ हे मराठी नाट्य रचले गेले. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री. तिच्याभोवती गुंफलेला तमिळ नाट्यप्रकार या रचनेने स्वीकारला आणि तिच्या तोंडी चक्क जगाचा भूगोल घातला. अर्वाचीन ज्ञान मराठीत येण्यासाठी इंग्रजी गद्याचाच साचा आवश्यक होता, हा समजही या एका उदाहरणाने सैल पडतो.

३

तंजावरच्या नाटकांना आरंभस्थान देण्यास एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ही यक्षगाने आहेत, ‘खरी’ नाटके नव्हेत, असा तो आक्षेप. त्यांत गीतांचे प्राबल्य आहे, कथानक पौराणिक आहे आणि संवाद दुय्यम आहेत, असे सांगितले जाते.

हा आक्षेप तपासताना भावे यांच्या प्रयोगांचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. त्यांच्या नाटकात सूत्रधार पद्ये गात असे आणि त्या पद्यांच्या अनुरोधाने पात्रे आयत्या वेळी संवाद बोलत. लिखित संवादसंहिता अशी नसे. १८८५ साली भावे यांनी आपल्या रचना प्रसिद्ध केल्या, त्या ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने. म्हणजे छापण्याजोगे होते ते पद्यच. प्रयोगाच्या आरंभी मंगलाचरण, विदूषकाचे आगमन, मग गणपती, मग सरस्वती, असा क्रम असे. कथानके पुराणांतील असत, आणि राक्षसांच्या आरोळ्यांवरून या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नावही पडले. ज्या कसोट्यांवर तंजावरची नाटके नाकारली जातात, त्याच कसोट्या लावल्या तर ‘सीतास्वयंवर’ही टिकत नाही. उलट, लिखित संहिता ही कसोटी मानली तर तंजावरचे पारडे जड होते.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. सांगलीच्या प्रयोगामागची प्रेरणाही दक्षिणेकडूनच आली होती. १८४२ च्या सुमारास उत्तर कानडा भागातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहूनच तशा प्रकारचे पण अधिक नेटके खेळ मराठीत करावेत, अशी इच्छा चिंतामणरावांना झाली आणि ते काम त्यांनी भावे यांच्यावर सोपवले. ही मंडळी कानडी यक्षगानाच्या परंपरेतली होती. म्हणजे तंजावरचे मराठी नाटक तेलुगू यक्षगानाच्या सान्निध्यात उभे राहिले आणि सांगलीचे मराठी नाटक कानडी यक्षगानाच्या सान्निध्यात. तेलुगू व कानडी यक्षगान हे दोन प्रकार एकरूप नाहीत. त्यांचे परस्परसंबंध हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. परंतु गायक-सूत्रधाराने कथा पुढे नेणे, देवतांच्या प्रवेशाने खेळाचा आरंभ होणे, गीत, नृत्य व बोलणे यांची सरमिसळ असणे, ही वैशिष्ट्ये त्या विस्तृत दाक्षिणात्य नाट्यविश्वाची आहेत. तंजावरकडून सांगलीकडे जाणारा थेट धागा दाखवता येत नाही, आणि तो असण्याची गरजही नाही. दीडशे वर्षांच्या अंतराने मराठी भाषा एकाच नाट्यविश्वाच्या दोन वेगवेगळ्या दारांतून आत शिरली, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

४

मग तंजावरचा आरंभ विस्मृतीत का गेला? त्याचे कारण या नाटकांच्या गुणवत्तेत शोधण्यापेक्षा त्यांच्या आश्रयात शोधावे लागते. ही नाटके राजाश्रयावर जगत होती. दुसरे शिवाजीराजे १८५५ साली पुत्रसंततीविना निवर्तले आणि कंपनी सरकारने तंजावरची गादी संपुष्टात आणली. दरबार संपला, तसा मराठी नाटकांचा प्रेक्षकही संपला. तेलुगू भागवतमेळ्याची परंपरा मात्र तंजावरजवळच्या मेलट्टूरसारख्या गावात आजही टिकून आहे. कारण तिला दरबाराबाहेर ग्रामदेवालय व तेथील उत्सव यांचा आधार मिळाला. मराठी नाटकाला तसे गाव मिळाले नाही. त्याच्या संहिता सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितांच्या रूपाने राहिल्या आणि मुद्रणाचा प्रकाश त्यांना विसाव्या शतकात दिसला.

सांगलीच्या नाटकाला याच्या उलट भाग्य लाभले. १८५१ साली चिंतामणराव निवर्तल्यावर भावे यांचाही राजाश्रय सुटला. परंतु त्यांनी मंडळी घेऊन गावोगावी दौरे काढले आणि १८५३ साली मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकिटे लावून खेळ केले. पाहणारा प्रेक्षक आता राजाचा अतिथी राहिला नाही, तो पैसे मोजणारा नागरिक झाला. त्यांचे पाहून इतर नाटक मंडळ्या निघाल्या आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हा मागे चार दशकांची सलग परंपरा उभी होती. १८४३ हे साल लक्षात राहिले ते या सातत्यामुळे.

हे केवळ नाटकाच्याच बाबतीत घडले असे नाही. सरफोजीराजांनी आपल्या ‘नवविद्याकलानिधि’ शाळेसाठी देवनागरी छापखाना उभारला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापून घेतले. त्याच सुमारास, १८०५ साली, बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. मराठी मुद्रणाचे हे दोन्ही प्रारंभ मराठी मुलखाबाहेरचे आहेत. तरीही मराठीतील इसाप म्हटले की आठवतात ते सदाशिव काशीनाथ छत्रे आणि त्यांचे १८२८ चे मुंबईतील भाषांतर. कारण तेच शाळांतून पसरले, पुन्हा पुन्हा छापले गेले आणि ‘इसापनीती’ हा शब्द मराठी घरांत रुजला. तंजावरची मुक्तावली ज्या मुलांसाठी छापली गेली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना मराठी वाचनाचे प्रयोजनच उरले नाही.

५

या विवेचनावरून ‘पहिले’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करणे आवश्यक ठरते. एक अर्थ पूर्वास्तित्वाचा : एखादी गोष्ट कालक्रमाने आधी होती काय? दुसरा अर्थ परंपरेच्या मूळस्थानाचा : पुढची निर्मिती जिच्यापासून सलगपणे निघाली, ती गोष्ट कोणती? पहिल्या अर्थाने तंजावरचा दावा निर्विवाद आहे. दुसऱ्या अर्थाने सांगलीचा. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की वाद निष्फळ होतो. सांगलीचा उत्सव करणारे सातत्यालाच अस्तित्व समजतात आणि तंजावरचे अभिमानी अस्तित्वालाच सातत्य समजतात.

तरीही हे दोन अर्थ वेगळे करून थांबणे पुरेसे नाही. सातत्याला प्रमाण मानणारा इतिहास हा नेहमी जिंकलेल्यांचा इतिहास होतो. ज्या शाखा खुंटल्या त्या जणू नव्हत्याच, असे तो मानतो. त्यात महाराष्ट्राबाहेरच्या मराठीचे नुकसान सर्वांत अधिक होते. मुंबई-पुण्याच्या अक्षाबाहेर, तमिळ-तेलुगू शेजारात वाढलेली मराठी ही भ्रष्ट वा अपवादात्मक मराठी ठरते आणि तिच्यातील निर्मिती तळटीपेत ढकलली जाते. दुसऱ्या बाजूने, केवळ आधीचे साल शोधून अभिमान मिरवणे हाही न्याय नव्हे. तसे केल्याने तंजावरचे नाटक आपल्या तेलुगू व तमिळ आप्तांपासून तोडले जाते आणि ज्या शेजारामुळे ते संभवले, तो शेजारच पुसला जातो.

तौलनिक साहित्याभ्यासाचे काम येथे सुरू होते. ‘मराठी नाटक कोणी सुरू केले?’ या प्रश्नाऐवजी ‘मराठी नाटक कोणत्या भाषांच्या सहवासात पुन्हा पुन्हा सुरू झाले?’ हा प्रश्न विचारला, तर तंजावर आणि सांगली प्रतिस्पर्धी राहत नाहीत. पहिल्या ठिकाणी तेलुगू, दुसऱ्या ठिकाणी कानडी, आणि दोन्ही ठिकाणी मराठीची शिकण्याची तयारी दिसते. ५ नोव्हेंबरचा दिवस साजरा करायला काहीच हरकत नाही. मात्र त्या दिवशी सांगलीत येऊन गेलेल्या कानडी भागवतांचे आणि तंजावरच्या ग्रंथालयात दीर्घकाळ मिटून राहिलेल्या पोथीचेही स्मरण व्हावे.