भ्रातृव्य

पुतण्या आणि शत्रू या दोघांना संस्कृतात एकच शब्द आहे: भ्रातृव्य. पाणिनीनं अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात दोन सूत्रं लागोपाठ ठेवली आहेत. पहिल्यानं ‘भावाचा मुलगा’ सिद्ध होतो, दुसऱ्यानं ‘वैरी’. प्रत्यय निराळे, पण रूप तेच. फरक उरतो तो फक्त स्वराचा. शेताचा बांध आणि सामाईक विहीर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्या ‘भाऊबंदकी’तूनही जिव्हाळा कधीच निघून गेला आहे.

ग्रीकांच्या आत्रेउस घराण्याची कथा वाचताना हा शब्द सारखा आठवतो. आत्रेउसनं सख्ख्या भावाला, थुएस्तेसला, जेवायला बोलावलं आणि त्याचीच मुलं शिजवून त्याला वाढली. पुढच्या पिढीत आत्रेउसचा मुलगा अगामेम्नॉन आणि थुएस्तेसचा ऐगिस्थोस. नात्यानं चुलतभाऊ, करणीनं वैरी. त्रॉयवर निघालेल्या गलबतांना वारा मिळावा म्हणून अगामेम्नॉननं पोटच्या मुलीचा, इफिगेनियाचा, बळी दिला. तो परतल्यावर बायकोनं, क्लितेम्नेस्त्रानं, ऐगिस्थोसच्या साथीनं त्याला मारलं. मग मुलानं, ओरेस्तेसनं, त्या दोघांना. त्यांतली एक त्याची आई.

या सगळ्या हिशेबाला ग्रीकांचा शब्द आहे ‘पोइने’. तो मुळात पैशाचा शब्द. खून झाला की मारेकऱ्यानं मृताच्या घरच्यांना जी भरपाई द्यायची ती पोइने. ती मिळाली नाही तर जो सूड घ्यायचा तोही पोइनेच. होमरच्या ‘इलियड’मध्ये ग्रीक वीर आयास रुसलेल्या सोबत्याला, अखिलेसला, हेच ऐकवतो: भाऊ किंवा मुलगा मारला गेला तरी माणसं पोइने घेऊन राग आवरतात, आणि मारेकरी गावातच राहतो. हाच शब्द लॅटिनमध्ये ‘पोएना’ झाला, तिथून इंग्रजीत गेला, आणि वीजबिल उशिरा भरल्यावर आपल्याला जी पेनल्टी बसते ती त्याचीच नात. अवेस्तातला ‘कएना’ त्याचा सख्खा भाऊ. फारसी-उर्दूतला मनात धरलेला ‘कीना’ त्याच वंशातला.

आपल्याकडे वेगळं काय आहे? ‘वैर’ हा शब्द ‘वीर’पासून आला, आणि वैदिक वाङ्मयात त्याला ‘मारलेल्या माणसाची किंमत’ असाही अर्थ आहे. ऋग्वेदात ‘वैरदेय’ येतो. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात वैर फेडायचा दर गायींत दिला आहे: क्षत्रियाला मारलं तर हजार, वैश्याला मारलं तर शंभर. (माणसागणिक दर वेगळा, हेही जुनंच.) रोजच्या मराठीत तर हे आणखी उघड दिसतं. अरबी ‘बदल’ म्हणजे अदलाबदल. त्यातून एकीकडे ‘बदला’ आला, दुसरीकडे ‘मोबदला’. जमीन गेली की मोबदला मागतात, माणूस गेला की बदला. धातू एकच.

पण आत्रेउसच्या वाड्यात मोबदल्याचा मार्गच बंद होता. पोइने एका घरानं दुसऱ्या घराला द्यायची असते. आईनं बापाला मारलं तर गायी कुणाच्या गोठ्यातून सोडायच्या आणि कुणाच्या गोठ्यात बांधायच्या? या घराण्याचा सूड तीन पिढ्या संपत नाही तो रक्त तापट होतं म्हणून नव्हे, देणारा आणि घेणारा एकच होता म्हणून, असं मला वाटतं. अशा वेळी येतात त्या एरिन्युएस, रक्ताच्या नात्यातल्या खुनामागे लागणाऱ्या देवता. ग्रीक नाटककार एस्किलसच्या इ. स. पू. 458च्या नाटकात त्या ओरेस्तेसचा पिच्छा पुरवतात. क्लितेम्नेस्त्राचा मात्र त्यांनी पुरवला नव्हता, कारण नवरा काही रक्ताचा नव्हे! शेवटी अथेन्सच्या आरेओपागोस टेकडीवर खटला चालतो, मतं समसमान पडतात आणि आरोपी सुटतो.

या निकालानं चिडलेल्या एरिन्युएसना अथेन्सची देवता अथेना तिथंच ठाणं देऊन शांत करते. लोक त्यांना ‘एउमेनिदेस’, म्हणजे ‘कृपाळू’, म्हणत. अंगावर फोड उठवणाऱ्या जीवघेण्या रोगाला आपण ‘देवी’ म्हणालो, तसंच. नाटकाचं नावही ‘एउमेनिदेस’च आहे, पण हाती असलेल्या संहितेत हा शब्द कुणाच्याही तोंडी एकदाही येत नाही.