वेदना न कळणारे हृदय

जानेवारी २०१६ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील एका मेंदूमृत दात्याचे हृदय विमानाने मुंबईला नेऊन रुग्णाच्या छातीत बसविण्यात आले. काढलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत नव्या शरीरात सुरू व्हावे लागते, म्हणून रस्ते मोकळे ठेवण्याची ती धावपळ. तिच्या बातम्या पुष्कळ झाल्या. असे हृदय मज्जातंतूंवाचून धडधडते, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही.

प्रत्यारोपणात शल्यविशारद रक्तवाहिन्या जोडतो. मज्जातंतू जोडता येत नाहीत. तरीही हृदय चालते, कारण ठोक्याची प्रेरणा त्याच्या स्वतःच्या पेशीसमूहातच निर्माण होते. गती मंद ठेवणाऱ्या व्हेगस चेतेचा लगाम सुटल्याने विश्रांतीतही ठोके मिनिटाला ९० ते ११० पडतात. जिना चढताना गती लगेच वाढत नाही; अधिवृक्क ग्रंथींचा स्राव रक्तातून पोहोचल्यावर ती वाढते आणि थांबल्यावरही सावकाश उतरते.

खरा धोका वेदनेच्या बाबतीत आहे. हृदयाला रक्त अपुरे पडले की संवेदी तंतू मज्जारज्जूमार्गे मेंदूला वर्दी देतात आणि छातीत कळ येते. रोपित हृदयाची ही वाटच तुटलेली असते. त्यातच अशा हृदयाच्या रोहिण्या आतून अरुंद होत जाण्याचा विकार दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या रुग्णांत आढळतो. झटका येतो, पण कळ येत नाही. धाप, थकवा, पायांवर सूज एवढीच काय ती खूण. (दीर्घकाळच्या मधुमेहातही मज्जातंतू निकामी होऊन असा निःशब्द झटका येऊ शकतो.) म्हणूनच प्रत्यारोपण झालेल्यांना कोणतीही तक्रार नसताना ठरावीक काळाने अँजिओग्राफी करावी लागते. खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला त्यासाठी पंचवीस किलोमीटरवरचे शहर, आणि बरेचदा थेट मुंबई-पुणे गाठावे लागते. ‘दुखत नाही, मग कशाला जायचे?’ हा एरवी शहाणपणाचा वाटणारा प्रश्न येथे घातक ठरतो.

हे ज्ञान हळूहळू जमले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले, तेव्हा बर्नार्ड यांच्या जगातील पहिल्या शस्त्रक्रियेला अडीच महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच दगावला. मेंदूमृत्यूचे हार्वर्ड समितीचे निकष त्यानंतर, ऑगस्ट १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात कायदा व्हायला १९९४ उजाडले. त्यानुसार वैद्यकांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू ठरवावा लागतो.

तुटलेले तंतू पुन्हा वाढतात का, हा पुढचा प्रश्न. प्रत्यारोपणानंतर एक वर्षाने किंवा त्याहून उशिरा काही रुग्णांना छातीत कळ येऊ लागल्याची नोंद १९९१ मध्ये झाली. पेट स्कॅनमध्येही अनुकंपी तंतू परत आलेले दिसले, पण हृदयाच्या काही भागांतच, आणि प्रत्येक रुग्णात वेगळ्या प्रमाणात. ज्यांच्यात ते परततात त्यांची व्यायामक्षमता सुधारते. तंतूंचे हे परतणे पूर्ण व खात्रीचे नसल्याने तपासण्या मात्र त्यांनाही चुकत नाहीत.