कापसाच्या पोटातली आग

एखाद्या नव्या घरात कपाटावर एनसी लॅकर मारणारा कारागीर आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके यांचे काम एकाच पदार्थावर चालले, तो म्हणजे नायट्रोसेल्युलोज. १८४६ मध्ये बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात कापूस भिजवला. सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांच्या जागी नायट्रेट गट बसले. दिसायला तो कापूसच राहिला, पण ठिणगी लागताच जवळपास धूर न करता भडकू लागला. नायट्रोजनचे प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या वर गेले की त्याचा दारूगोळा होतो. त्याखाली राहिले की तो द्रावकात सहज विरघळतो आणि त्यापासून लॅकर किंवा कापूर घालून जुन्या सिनेमाच्या फिल्मचे सेल्युलॉइड बनते. तोफ आणि सिनेमा असे एकाच कुळातले सख्खे भाऊ.

या कुळाचा खरा धोका ठिणगीपेक्षा साठवणुकीत आहे. ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन रेणूतच असल्याने पेटलेले रीळ पाण्याखालीही जळत राहते. शिवाय उष्णतेने नायट्रेट गट सुटतात, ओलाव्याशी मिळून आम्ल तयार होते आणि ते आम्लच पुढची नासाडी वाढवते. आधी चित्र पिवळट, फिकट पडते, मग रीळ चिकट होऊन फेसाळते, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली. तेव्हा ज्यांची प्रत सुरक्षित फिल्मवर आधीच निघाली होती, त्यांचे निदान दृश्य तरी वाचले.

कोणी म्हणेल, इतका घातकी पदार्थ वापरलाच का? घरगुती १६ मिमी फिल्म १९२३ पासून सुरक्षित ॲसिटेटचीच होती, हे खरे. पण ३५ मिमीच्या धंद्याला नायट्रेटची पारदर्शकता आणि मजबुती हवी होती, म्हणून ते जवळपास १९५० पर्यंत टिकले. दुसरा आक्षेप असा की जे कुजणारच आहे ते जपायचे कशाला? कुजण्याचा वेग तापमानावर ठरतो. थंडीत तो इतका मंदावतो की प्रत काढायला दशके मिळतात. आपली कित्येक मूक रिळे तर आगीत नव्हे, फिल्मवरची चांदी काढण्यासाठी विकून संपली. म्हणून डब्यावर नुसते ‘धोकादायक’ लिहून भागत नाही. खोलीचे तापमान, शेवटच्या तपासणीची तारीख आणि प्रत निघाली की नाही, एवढे तरी त्यावर हवे.